लोह कुठे मुरतंय?

सारखं दमायला होतंय? मग आयर्नच कमी असणार! हा आपला घरगुती फॉर्म्युला. पण काही जणांच्या अंगात लोह कमी नसतं, उलट जरा जास्तच साठलेलं असतं. आणि या साठ्याचं इन्सुलिनशी एक जुनं, गुंतागुंतीचं नातं आहे. डायबेटिस नसलेल्यांनीही समजून घ्यावं असं!

वर्षातून एकदा ऑफिसात 'तो' ई-मेल येतो. कंपनीच्या हेल्थ चेक-अपचा. उपाशीपोटी रांगेत उभं राहायचं, दंडाला रबर बांधून घ्यायचं, मग कॅन्टीनमध्ये फुकटचा उपमा हाणायचा आणि चार दिवसांनी रिपोर्टची पीडीएफ उघडायची. कोलेस्टेरॉलची ओळ सगळेच बघतात. शुगरचीही बघतात. ज्या आकड्यासमोर ठळक अक्षरात 'हाय' किंवा 'लो' छापलंय, तो गूगल करतात. बाकी पानं तशीच इनबॉक्समध्ये पडून राहतात, पुढच्या वर्षीच्या ई-मेलपर्यंत.

समजा, एकाच टीममधले दोघं आपापली पीडीएफ उघडून बसलेत. तो ३२ वर्षांचा. उपाशीपोटी शुगर ९७, म्हणजे नॉर्मल. पॅन्टचा साइझ मात्र दोन वर्षांत ३४ वरून ३८ झालेला. फेरिटिन ३१०. ती २८ वर्षांची. शुगर ८८. फेरिटिन फक्त ९. दोघांची तक्रार एकच: दुपारी तीन वाजले की मॉनिटर धूसर दिसायला लागतो. आणि दोघांच्या ड्रॉवरमध्ये बाटलीही एकच, 'एनर्जी'चं आश्वासन देणाऱ्या मल्टिव्हिटॅमिनची. आयर्नसकट!

हे दोघं काल्पनिक आहेत, पण अशी जोडी कुठल्याही फ्लोअरवर सापडेल. गंमत अशी की त्या बाटलीतल्या लोहाने तिचं भागणार नाही, आणि त्याला ते मुळात नकोच आहे.

फेरिटिन हा शब्द तसा अगदी नवा नाही. २०२१ मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेत घरोघरी व्हॉट्सअॅपवर रिपोर्ट फिरत होते, तेव्हा सीआरपी आणि डी-डायमरच्या जोडीने फेरिटिनही आपल्या बोलण्यात आलं. लाट ओसरली आणि शब्दही मागे पडला. पण कोविड नसतानाही हा आकडा बरंच काही सांगत असतो.

अंगातली एफडी

पगारदार माणसाला पटकन समजेल असं सांगायचं, तर हिमोग्लोबिन म्हणजे सॅलरी अकाउंट आणि फेरिटिन म्हणजे फिक्स्ड डिपॉझिट.

मोठ्या माणसाच्या शरीरात सगळं मिळून साधारण ३ ते ४ ग्रॅम लोह असतं. एखाद-दुसऱ्या खिळ्याइतकं! त्यातलं बरंचसं रक्तातल्या हिमोग्लोबिनमध्ये सतत कामाला जुंपलेलं असतं. उरलेलं मुख्यतः यकृतात, म्हणजे लिव्हरमध्ये, फेरिटिन नावाच्या प्रोटीनच्या डबीत बंद करून ठेवलेलं असतं. अशा एका डबीत लोहाचे सुमारे साडेचार हजार अणू मावतात. या फेरिटिनचा थोडासा अंश रक्तात उतरतो आणि लॅब तोच मोजते. रक्तातलं एक नॅनोग्रॅम प्रति मिली फेरिटिन म्हणजे साठ्यात साधारण ८ ते १० मिलिग्रॅम लोह, असा ढोबळ हिशेब निरोगी माणसात धरला जातो.

म्हणूनच हिमोग्लोबिन ठीक असूनही फेरिटिन तळाला गेलेलं असू शकतं. पगार जमा होतोय, पण एफडी मोडून झालीय, अशी अवस्था.

आता यातली खरी मेख. शरीराला लोह आत घेता येतं, पण जास्तीचं बाहेर टाकायची सोयच नाही. जास्तीचं मीठ लघवीतून जातं, तशी वाट लोहाला नाही. कातडी झडते, आतड्याच्या पेशी गळतात, त्यातून रोज एक-दोन मिलिग्रॅम जातं, तेवढंच. बाकी खर्च रक्ताबरोबर. बायकांचा पाळीत होतो, गरोदरपणात होतो. पुरुषांचा होतच नाही. त्यामुळे पंचविशीनंतर पुरुषांची एफडी चढत जाते आणि बायकांची पाळी थांबल्यानंतर वाढायला लागते.

मग किती आत घ्यायचं, हे ठरवतं कोण? हेप्सिडिन नावाचं यकृतातलं हॉर्मोन. ते सापडलं अगदी अलीकडे, २००० सालाच्या आसपास. साठा भरला की हेप्सिडिन वाढतं आणि आतड्याचं दार लोटून घेतं. साठा कमी झाला की दार उघडतं. बिल्डिंगच्या वॉचमनसारखंच. आणि वॉचमनसारखाच कधीकधी त्याचाही गोंधळ होतो.

ब्राँझचा रंग आणि साखर

जास्त लोह आणि साखर यांचा संबंध डॉक्टरांना दीडशे वर्षांपेक्षा जास्त काळ माहीत आहे. १८६५ मध्ये पॅरिसमधले डॉक्टर आर्मां त्रुसो यांनी एका विचित्र पेशंटची नोंद केली. डायबेटिस, कडक झालेलं यकृत आणि कातडीला ब्राँझसारखी झाक. पुढे या प्रकाराला 'ब्राँझ डायबेटिस' असं नावच पडलं. १८८९ मध्ये जर्मनीच्या फॉन रेक्लिंगहाउझेन यांनी त्याला हिमोक्रोमॅटोसिस म्हटलं. अंगात लोह साठतच जातं आणि यकृत, स्वादुपिंड, हृदय यांची वाट लागते. यामागचा मुख्य जीन, एचएफई, १९९६ मध्ये सापडला. उत्तर युरोपीय वंशाच्या लोकांत हा दोष बऱ्यापैकी आढळतो; साधारण दोनशे माणसांत एकाकडे त्याची जोड असते. आपल्याकडे तो दुर्मिळ आहे.

आपल्याकडचं ओळखीचं उदाहरण म्हणजे थॅलेसेमिया मेजर. या मुलांना दर काही आठवड्यांनी रक्त द्यावं लागतं. प्रत्येक बाटलीबरोबर लोह आत येतं, बाहेर जात नाही. ते काढणारी औषधं नीट मिळाली नाहीत, तर इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी खराब होतात आणि ऐन तरुणपणी डायबेटिस गाठतो.

ही झाली टोकाची उदाहरणं. यात फेरिटिन हजारांच्या घरात जातं. संशोधकांना प्रश्न पडला तो वेगळाच: ज्यांना यातलं काहीच नाही, जे रोज ऑफिसला जातात, ज्यांची शुगरही नॉर्मल आहे, त्यांच्यात साठा थोडा वर-खाली असल्याने काही फरक पडतो का?

आकडे बोलू लागले

१९९७ मध्ये फिनलंडमधल्या १,०१३ पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांचा लोहाचा साठा जास्त, त्यांच्या रक्तात उपाशीपोटी इन्सुलिनही जास्त आणि साखरही जास्त. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या आरोग्य पाहणीतूनही तसंच चित्र पुढे आलं. पण हे सगळे एका क्षणाचे फोटो होते. आधी काय आणि मग काय, हे फोटोवरून कळत नाही.

त्यासाठी सिनेमा लागतो. तो मिळाला २००४ मध्ये. अमेरिकेतल्या नर्सेसच्या प्रसिद्ध अभ्यासात ३२,८२६ जणींनी १९८९-९० मध्ये रक्ताचे नमुने देऊन ठेवले होते. पुढच्या दहा वर्षांत त्यांतल्या ज्यांना टाइप २ डायबेटिस झाला, अशा ६९८ जणींचं जुनं, निरोगी असतानाचं रक्त काढून तपासलं आणि डायबेटिस न झालेल्या ७१६ जणींशी त्याची तुलना केली. वजन, व्यायाम, आहार, घरचा इतिहास हे सगळं हिशेबात धरूनही सर्वांत वरच्या गटातल्या बायकांचा धोका सर्वांत खालच्या गटाच्या २.६८ पट निघाला. म्हणजे डायबेटिस उगवण्याच्या कितीतरी आधी फेरिटिन इशारा देत होतं.

आणि हे 'वर' म्हणजे किती? पुढे डायबेटिस झालेल्यांचं सरासरी फेरिटिन होतं १०९, न झालेल्यांचं सुमारे ७२. हजार नाही, पाचशेही नाही. कुठल्याही लॅबच्या कागदावर दोन्ही आकडे आरामात 'नॉर्मल'मध्ये बसतात.

किल्ली गंजते कशी?

इन्सुलिन म्हणजे किल्ली आणि पेशी म्हणजे कुलूप, ही उपमा तुम्ही ऐकली असेल. जेवलो की रक्तात साखर येते, इन्सुलिन पेशींची दारं उघडतं, साखर आत जाते. इन्सुलिन रेझिस्टन्स म्हणजे कुलूप नीट फिरत नाही. मग शरीर काय करतं? दुप्पट किल्ल्या पाठवतं. साखर नॉर्मलच राहते, पण स्वादुपिंड ओव्हरटाइम करत असतं. तेही बिनपगारी!

म्हणूनच नुसती शुगर बघून हे कळत नाही. १९८५ मध्ये ऑक्सफर्डच्या डॉक्टरांनी एक सोपा हिशेब मांडला, होमा-आयआर. उपाशीपोटीची शुगर गुणिले उपाशीपोटीचं इन्सुलिन, भागिले ४०५. शुगर ९७ आणि इन्सुलिन ६ असेल तर उत्तर १.४. शुगर तीच ९७, पण इन्सुलिन १५ असेल तर ३.६. कागदावर दोघांची शुगर सारखीच, आतली कहाणी पार वेगळी. साधारण अडीचच्या पुढे गेलं की डॉक्टर सावध होतात. मात्र हा उंबरठा लॅबनुसार आणि लोकसमूहानुसार बदलतो.

यात लोह कुठून आलं? लोह आणि ऑक्सिजन एकत्र आले की गंज चढतो, हे आपल्याला बाल्कनीच्या ग्रिलवरून माहीत आहे. पेशीत होतं ते अगदी तेच नव्हे, पण त्याच जातीचं. मोकळं लोह पेशीतल्या पेरॉक्साइडशी भिडलं की अतिशय आक्रमक रेणू तयार होतात. ही रासायनिक क्रिया ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ हेन्री फेंटन यांनी १८९४ मध्येच दाखवली होती. हे रेणू दिसेल त्याला डंख मारतात.

तीन ठिकाणी हे जास्त नडतं. पहिलं यकृत: इन्सुलिनने 'थांब' सांगूनही ते साखर बनवत राहतं. दुसरं चरबी: लोह साठलेल्या चरबीच्या पेशी अॅडिपोनेक्टिन कमी बनवतात, आणि नेमकं हेच हॉर्मोन इन्सुलिनचं काम सोपं करत असतं. तिसरं स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी: यांच्याकडे अशा हल्ल्यापासून बचाव करणारी यंत्रणा मुळातच तोकडी.

आणि गोष्ट उलटीही फिरते. इन्सुलिन वाढलं की ते पेशींच्या पृष्ठभागावर लोह ओढून घेणाऱ्या रिसेप्टरांची संख्या वाढवतं. म्हणजे लोहामुळे रेझिस्टन्स, रेझिस्टन्समुळे जादा इन्सुलिन, जादा इन्सुलिनमुळे पेशीत आणखी लोह. एकदम चक्रव्यूह!

आधी कोंबडी की आधी अंडं?

मग सरळ उपाय आहे की. लोह काढून टाका, इन्सुलिन सुधारेल. संशोधकांनी हेही करून पाहिलं. कसं? रक्त काढून. शरीरातलं लोह कमी करायचा सर्वांत स्वस्त मार्ग तोच.

२००१ मध्ये अमेरिकेत ३० शाकाहारी आणि ३० मांसाहारी निरोगी माणसांची तुलना झाली. शाकाहाऱ्यांचं फेरिटिन सरासरी ३५, मांसाहाऱ्यांचं ७२. शाकाहाऱ्यांच्या पेशी इन्सुलिनचं जास्त ऐकत होत्या. मग सहा मांसाहारी पुरुषांचं रक्त काढून त्यांचा साठा शाकाहाऱ्यांच्या पातळीवर आणला, तर त्यांचंही इन्सुलिन सुधारलं. २००२ मध्ये स्पेनमधल्या खिरोना इथे फेरिटिन २०० च्या वर असलेल्या २८ डायबेटिस पेशंटांवर प्रयोग झाला. एका गटाचं दोन-दोन आठवड्यांच्या अंतराने तीनदा अर्धा-अर्धा लिटर रक्त काढलं. त्यांच्या इन्सुलिनचं कामही सुधारलं.

इथे टाळ्या वाजवून घरी जायचा मोह होतो. पण थांबा. २०१२ मध्ये जर्मनीत मेटाबॉलिक सिंड्रोम असलेल्या ६४ जणांवर प्रयोग झाला. रक्त काढल्यावर त्यांचं ब्लड प्रेशर छान उतरलं, पण होमा-आयआर जागचा हलला नाही. २०१५ मध्ये ऑस्ट्रेलियात फॅटी लिव्हरच्या ७४ पेशंटांवर सहा महिन्यांची चाचणी प्रसिद्ध झाली. आहार-व्यायामाचा सल्ला सगळ्यांनाच, रक्त काढणं फक्त निम्म्यांचं. यकृतातली चरबी आणि इन्सुलिन रेझिस्टन्स, दोन्हींत काहीही फरक नाही! नियमित रक्तदान करणाऱ्या अमेरिकी पुरुषांना डायबेटिस कमी होतो का, हेही २००४ मध्ये तपासून झालं. उत्तर आलं, नाही.

मग खरं काय समजायचं? बहुतेक माणसांत वाढलेलं फेरिटिन हे एकाच वेळी थोडं कारण आणि बरंचसं लक्षण असतं. १९९७ मध्ये फ्रान्समधल्या रेन शहरातल्या डॉक्टरांनी असे पेशंट वर्णन केले, ज्यांच्या यकृतात लोह जास्त, पण रक्तात फिरणारं लोह नॉर्मल. त्यांतले बरेच जण जाड होते, साखर-चरबीचं गणित बिघडलेले होते. २०२३ मध्ये तज्ज्ञांच्या गटाने या अवस्थेच्या व्याख्येवर एकमत केलं: 'मेटाबॉलिक हायपरफेरिटिनेमिया'. नाव जिभेला वळणार नाही, अर्थ मात्र साधा आहे. पोट, यकृत आणि इन्सुलिन यांचं बिनसलंय, आणि त्याची बातमी फेरिटिन देतंय.

आपल्या टीममधल्या 'त्या'ची केस बहुधा हीच. त्याचं लोह खाण्यातून जितकं आलं असेल, तितकंच ते वाढत्या पोटामुळे आणि यकृतातल्या चरबीमुळे अडकून पडलेलं असेल. पाणी मुरतंय, तसं लोह मुरतंय!

बारीक दिसणारे जाड

'पण मी तर बारीक आहे!' असं म्हणून पान उलटू नका. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचेच फोटो छापले होते. दोघांचाही बीएमआय २२.३. डिट्टो! पण अंगातली चरबी? युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिक यांची २१.२ टक्के. दोघांच्या आडनावांवरून ते 'वाय-वाय पॅरॅडॉक्स' म्हणून गाजलं. अर्थ असा, की आपण भारतीय वजनकाट्यावर बारीक दिसतो, पण आतून चरबीवाले असतो. हातपाय काडीसारखे आणि पोट पुढे, हे रूप लोकलच्या कुठल्याही डब्यात दिसेल. चरबी नेमकी पोटात आणि यकृतात, म्हणजे जिथे लोह आणि इन्सुलिनचं भांडण पेटतं, तिथेच.

२०२३ मध्ये आलेल्या आयसीएमआरच्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी लोकांना डायबेटिस आहे आणि १३.६ कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. त्यामुळे 'डायबेटिस नाही ना, मग झालं' हे वाक्य आपल्याला परवडणारं नाही.

पण थांबा, आयर्न बंद करू नका!

आता गोष्टीची दुसरी बाजू. खरं तर आपल्या देशात हीच बाजू मोठी आहे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, १५ ते ४९ वयोगटातल्या ५७ टक्के स्त्रियांना अॅनिमिया असल्याचं आढळलं. पुरुषांत हे प्रमाण २५ टक्के. अॅनिमियाचं कारण दरवेळी लोहच असतं असं नाही, पण ते मोठं कारण आहेच. त्यामुळे अमेरिकेतल्या नर्सेसचे आकडे वाचून आपल्याकडच्या मुलीने लोहाची गोळी बंद करणं म्हणजे स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणं.

फेरिटिन ९ असलेल्या 'ती'ला लोह हवंच आहे. थकवा, जिना चढताना लागणारी धाप, गळणारे केस, लक्ष न लागणं, हे सगळं रिकाम्या एफडीचं लक्षण असू शकतं. ज्यांना पीसीओएसमुळे इन्सुलिन रेझिस्टन्स आहे, त्यांनाही हेच लागू. इन्सुलिन बिघडलंय म्हणून फेरिटिन चढलेलंच असेल, असं नाही. जड पाळीमुळे ते तळालाही गेलेलं असू शकतं. तपासल्याशिवाय कळत नाही. आणि गरोदरपणात डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्यांबद्दल तर वादच नको. त्या घ्यायच्याच.

इथे एक सापळाही आहे, तो लक्षात ठेवा. तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी एचबीए१सी ही टेस्ट हिमोग्लोबिनवर अवलंबून असते. लोह कमी असेल तर हा आकडा खोटाच वर दिसू शकतो. एचबीए१सी ५.९ बघून 'मला प्रीडायबेटिस' म्हणून रडत बसलेल्या मुलीचं फेरिटिन ८ असेल, तर आधी लोह भरून काढून मग टेस्ट पुन्हा करणं शहाणपणाचं. उलट, नुकतंच रक्तदान केलेल्या माणसाचा एचबीए१सी खोटा खालीही दिसू शकतो, कारण त्याच्या रक्तात नव्या कोऱ्या पेशी जास्त असतात. रक्त काढण्याच्या प्रयोगांतली काही 'सुधारणा' अशीही असू शकते.

थाळीत काय?

लोह दोन प्रकारचं. मटण, कलेजी, मासे, चिकन यांतलं हीम लोह, आणि पालेभाज्या, कडधान्यं, अळीव, खजूर, नाचणी यांतलं बिगर-हीम लोह. हीम लोह शरीर पटकन उचलतं, १५ ते ३५ टक्के. बिगर-हीमचं उचलणं साठ्यावर आणि सोबत काय खाल्लंय त्यावर ठरतं. लिंबू पिळलं की वाढतं, जेवणावर लगेच चहा-कॉफी घेतली की घटतं.

ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेतल्या दोन लाखांहून जास्त लोकांचा, ३६ वर्षांचा पाठपुरावा प्रसिद्ध झाला. सर्वांत जास्त हीम लोह खाणाऱ्यांना टाइप २ डायबेटिसचा धोका सर्वांत कमी खाणाऱ्यांपेक्षा २६ टक्के जास्त निघाला. बिगर-हीम लोहाचा असा संबंध दिसला नाही. म्हणजे अळिवाचे लाडू आणि पालक निर्दोष सुटले! रविवारच्या मटण-भाकरीलाही फाशी द्यायची गरज नाही. प्रश्न आहे तो रोज लंचला खिमा आणि रात्री कबाब चापणाऱ्यांचा.

शाकाहारी मंडळींनी मात्र कॉलर टाइट करू नये. शुद्ध शाकाहारी माणसाचंही फेरिटिन फॅटी लिव्हरमुळे चढू शकतं. बटाटावडा, गोड चहा आणि दिवसभर खुर्ची हे कॉम्बिनेशन त्यासाठी पुरेसं आहे.

रिपोर्ट हातात आल्यावर

• लॅबच्या रेंजवर विसंबू नका. ती बरीच ऐसपैस असते. निरोगी मोठ्या माणसात फेरिटिन १५ च्या खाली म्हणजे साठा संपला, आणि स्त्रियांत १५० व पुरुषांत २०० च्या वर म्हणजे जादा साठ्याची शक्यता तपासा, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये सांगितलंय.

• सर्दी-तापात टेस्ट नको. कुठलाही संसर्ग किंवा सूज असली की फेरिटिन उसळी मारतं. तेव्हा साठा रिकामा असला तरी आकडा चांगला दिसतो. सोबत सीआरपी केली तर हा घोळ ओळखता येतो.

• दारूचा हिशेब खरा सांगा. वीकेंडची पार्टीही फेरिटिन चढवते. डॉक्टरांपासून लपवून फायदा नाही.

• ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन विचारा. फेरिटिन जास्त आणि हे ४५ टक्क्यांच्या वर असेल, तर खऱ्या लोहाच्या आजाराचा शोध घ्यावा लागतो. हे नॉर्मल असेल, तर रोख बहुधा यकृताकडे, पोटाकडे किंवा सुजेकडे.

• सोबत कंबर मोजा. भारतीय पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या वर कंबर गेली की सावध. टेप पन्नास रुपयांत मिळते, एमआरआयपेक्षा स्वस्त!

• फेरिटिन जास्त असेल तर आयर्न असलेलं मल्टिव्हिटॅमिन डॉक्टरांना दाखवा आणि गरज नसेल तर बंद करा. दारू कमी, चालणं जास्त, गोड पेयं बाद. यकृतातली चरबी उतरली की फेरिटिनही बऱ्याचदा मागोमाग उतरतं.

• फेरिटिन कमी असेल तर ते का कमी आहे, हे आधी शोधा. जड पाळी, मूळव्याध, पोटातला अल्सर, जंत, काहीही असू शकतं. गोळी डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे, पूर्ण कोर्स. चहा आणि गोळी यांत निदान तासाभराचं अंतर.

रक्तदान कराच, पण कारण वेगळं

एका रक्तदानात ३५० ते ४५० मिली रक्त जातं, म्हणजे साधारण १७५ ते २५० मिलिग्रॅम लोह. फेरिटिन त्यामुळे उतरतं, हे खरं. पण त्याने तुमचा डायबेटिस टळेल, याचा पुरावा नाही. तरीही वजन ४५ किलोच्या वर, हिमोग्लोबिन किमान १२.५ आणि वय १८ ते ६५ मध्ये असेल, तर बिनधास्त द्या. पुरुषांनी दर तीन महिन्यांनी, स्त्रियांनी दर चार महिन्यांनी. तुमच्या अंगात नुसतंच पडून असलेलं लोह कुणाच्या तरी ऑपरेशन टेबलवर कामी येईल, एवढं कारण पुरे आहे. स्वतःहून 'ट्रीटमेंट' म्हणून रक्त काढून घेण्याच्या फंदात मात्र पडू नका. तो निर्णय डॉक्टरांचा.

थोडक्यात काय, तर लोह हे टॉनिक नाही आणि विषही नाही. ते बॅलन्स आहे. सहकाऱ्याला मानवलेली गोळी आपल्यालाही मानवेल, नवऱ्याची बाटली बायकोला चालेल, आईचं टॉनिक लेकाला पुरेल, हा हिशेब इथे चालत नाही. 'सारखं दमायला होतं' ही तक्रार दोघांची एकच असली, तरी एकाला लोह भरायचं असतं आणि दुसऱ्याला जिने चढायचे असतात. कुणाला काय, हे केमिस्टच्या काउंटरवर ठरत नाही. त्यासाठी फेरिटिनची ओळ वाचावी लागते. कदाचित ती तुमच्या इनबॉक्समध्ये मागच्या वर्षीपासून न उघडलेली पडलेली असेल.